उत्तर आणि उत्तर देणारा : 'कौन बनेगा करोडपती'च्या दोन भागांचे पुनर्कथन

कथा, नाटक किंवा दूरचित्रवाणी मालिका यांचा शेवट ठाऊक असूनही वाचक-प्रेक्षक त्यांच्याकडे पुन्हा वळतो. प्रश्नमंजूषेच्या बाबतीत तसे घडत नाही. उत्तर कळले की प्रश्नातील जीव जातो आणि तो भाग पुन्हा पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. तरीही अशा कार्यक्रमांचे काही भाग प्रक्षेपणानंतर वर्षानुवर्षे लोकांच्या बोलण्यात राहतात. ते पुन्हा पाहिले जात नाहीत, पुन्हा सांगितले जातात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील हकिगत, कचेरीतील किंवा प्रवासातील संभाषण, स्पर्धा परीक्षेच्या वर्गातील उल्लेख आणि पुढे कादंबरी-चित्रपटांतील रूपांतर ही सारी या सांगण्याचीच रूपे होत. तास-सव्वा तासाच्या भागातून पाच-सात वाक्ये शिल्लक राहतात. कोणती राहतात आणि कोणती गळतात, हे तपासले तर त्या भागाविषयी आणि तो सांगणाऱ्या समाजाविषयीही बरेच काही हाती लागते.

या दृष्टीने 'कौन बनेगा करोडपती' या हिंदी कार्यक्रमाचे दोन भाग शेजारी ठेवण्याजोगे आहेत. पहिला ऑक्टोबर २००० मधील, ज्यात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी रुपये जिंकले. या कार्यक्रमात एवढी रक्कम जिंकणारे ते पहिले स्पर्धक. दुसरा सप्टेंबर २०१९ मधील, ज्यात अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी तेवढीच रक्कम जिंकली. दोन्ही स्पर्धक महाराष्ट्रातील, रक्कम एकच, समोर बसलेले सूत्रसंचालकही तेच, अमिताभ बच्चन. मध्ये एकोणीस वर्षे गेलेली. पहिला भाग आज सांगितला जातो तो त्यातील शेवटच्या प्रश्नासाठी. दुसरा सांगितला जातो तो स्पर्धकाच्या महिन्याच्या मिळकतीसाठी. हा बदल दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

कार्यक्रमाच्या घडणीविषयी थोडक्यात. मूळ रूपबंध ब्रिटनमधील सेलाडोर या निर्मितीसंस्थेचा. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तेथील आयटीव्ही वाहिनीवर ख्रिस टॅरंट यांच्या सूत्रसंचालनाखाली त्याचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. त्याचा भारतीय अवतार ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर अवतरला. निर्मिती सिद्धार्थ बसू यांच्याकडे होती. बसू यांनी त्याआधी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आणि १९९८ पासून बीबीसी वर्ल्डवर 'मास्टरमाइंड इंडिया' सादर केले होते. ते दोन्ही कार्यक्रम इंग्रजीत होते आणि त्यांत स्पर्धकाला उत्तर स्मरणातून काढून द्यावे लागे. नव्या कार्यक्रमात चार पर्याय समोर ठेवले गेले. बाहेरून ही सवलत वाटते, पण तिने ज्ञानाची व्याख्याच बदलली. आठवणे हे काम मागे पडले आणि ओळखणे, त्याहूनही नाकारणे, हे मुख्य काम झाले. तीन चुकीची उत्तरे चुकीची का आहेत हे ज्याला सांगता येईल, त्याला बरोबर उत्तर ठाऊक नसले तरी चालते. घरी बसलेल्या प्रेक्षकालाही या खेळात उतरता आले ते याच कारणाने. 'मास्टरमाइंड'समोर तो गप्प बसे. येथे तो निदान 'हे तर नक्कीच नाही' एवढे म्हणू शकतो.

नवाथे यांच्या भागातील पंधरावा प्रश्न या नाकारण्याच्या कलेचा उत्तम नमुना आहे. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा भारतीय राज्यघटना पुढीलपैकी कोणाला देते, असा तो प्रश्न. पर्याय चार : सॉलिसिटर जनरल, अ‍ॅटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश. उत्तर अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्यघटनेच्या मराठी पाठातील 'महान्यायवादी'. अनुच्छेद ८८ प्रमाणे प्रत्येक मंत्र्याला आणि महान्यायवाद्याला दोन्ही सभागृहांत, संयुक्त बैठकीत आणि ज्या समितीवर त्याचे नाव असेल तिच्यात बोलण्याचा व कामकाजात भाग घेण्याचा अधिकार आहे. मतदानाचा अधिकार मात्र या अनुच्छेदाने मिळत नाही. केवळ माहिती म्हणून पाहिले तर विषय एका ओळीत संपतो. प्रश्नाचे मोल त्याच्या चुकीच्या पर्यायांत आहे.

सॉलिसिटर जनरल हे नाव अ‍ॅटर्नी जनरलच्या इतके जवळचे आहे की सामान्य वाचकाला दोहोंतील भेद सांगता येत नाही. पण अ‍ॅटर्नी जनरल हे पद अनुच्छेद ७६ मध्ये आहे, सॉलिसिटर जनरलचा राज्यघटनेत उल्लेखच नाही. 'राज्यघटना मुभा देते' हे प्रश्नातील शब्द ज्याने नीट ऐकले त्याच्यासाठी हा पर्याय तेथेच गळतो. सरन्यायाधीश हा पर्याय प्रतिष्ठेच्या बळावर उभा आहे. जो राष्ट्रपतींना शपथ देतो, त्याला संसदेत स्थान नसेल का, असा मोह येथे पडतो. एम. हिदायतुल्ला यांनी १९६९ मध्ये सरन्यायाधीश असताना कार्यवाह राष्ट्रपती म्हणून काम पाहिले होते, हे ज्याला आठवते त्याचा गोंधळ अधिकच वाढायचा. मात्र न्यायसंस्था आणि विधिमंडळ यांच्यातील अंतर हे घटनेचे एक आधारतत्त्व आहे, आणि अनुच्छेद १२१ तर न्यायाधीशांच्या वर्तनावर संसदेत चर्चा करण्यासही, पदच्युतीच्या प्रस्तावाखेरीज, मज्जाव करतो. राहिला कॅबिनेट सचिव. हे देशातील सर्वोच्च सनदी पद. नवाथे त्या काळात नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत होते. ज्या सेवेचे स्वप्न पाहिले, तिच्या शिखरावरील अधिकाऱ्याला संसदेत बोलण्याचा अधिकार नाही हे ओळखून तो पर्याय दूर सारणे हा त्या प्रश्नाचा एक भाग होता. प्रश्न रचणाऱ्याच्या मनात हे होते की नव्हते हा मुद्दा गौण आहे. संहितेत ते आहे.

यात पैशाचे गणितही मिसळलेले आहे. पहिल्या पर्वाच्या शिडीवर दहावा टप्पा ३,२०,००० रुपयांचा आणि तो सुरक्षित. चौदावा प्रश्न जिंकलेल्या स्पर्धकाजवळ पन्नास लाख असत. पंधराव्या प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले तर तो थेट ३,२०,०००वर येई, म्हणजे ४६,८०,००० गमावी. बरोबर दिले तर पन्नास लाखांची भर पडे. अंधारात बाण मारणाऱ्याला चारातून एक ही शक्यता परवडणारी नाही. दोन पर्याय निर्विवाद नाकारता आले तरच डाव जेमतेम बरोबरीचा होतो. म्हणजे या पायरीवर खेळण्यासाठी निव्वळ धाडस पुरत नाही, आपल्या माहितीविषयी खात्री लागते. अज्ञानाची शिक्षा मोठी ठेवूनच येथे ज्ञानाला किंमत आणली आहे. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर हे गणित इतके कठोर नसते, म्हणूनच तेथील प्रश्न कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

खात्री आणि जाहीर निकाल यांच्यामधला वेळ हे या भागाचे खरे नाट्यस्थळ. उत्तर देण्यास काही क्षण लागतात. ते मान्य होईपर्यंत मिनिटे जातात. सूत्रसंचालक उत्तर पुन्हा उच्चारतात, खात्री आहे का विचारतात, स्पर्धकाच्या सोबत आलेल्या नातलगाकडे पाहतात, संगीत खाली उतरते, आणि अनेकदा नेमक्या त्याच क्षणी जाहिराती येतात. ही सारी लांबण ज्ञानाशी असंबद्ध आहे. तीतच हिंदी अवताराने भाषेचे एक लक्षणीय काम केले. मूळ इंग्रजी कार्यक्रमातील सूत्र स्पर्धकाला विचारते की हेच तुमचे अखेरचे उत्तर का. त्यात 'तुमचे' हा शब्द ठळक आहे आणि जबाबदारी स्पर्धकाची आहे. हिंदीत त्या जागी 'लॉक किया जाए' आले. हा कर्मणि प्रयोग. कोणी करावे ते सांगितलेले नाही. पाठोपाठ 'कंप्यूटर जी' असे संबोधन येते आणि आदरार्थी 'जी' यंत्राला लागतो. स्पर्धक बोलतो, सूत्रसंचालक परवानगी मागतो, यंत्र शिक्कामोर्तब करते. दरबारात अर्जदार, कारभारी आणि मोहोर यांचे जे नाते असे, तेच येथे नव्या साहित्यात मांडलेले दिसते. भारतीय प्रेक्षकाला हा परका रूपबंध पहिल्याच आठवड्यात घरचा वाटला, त्यामागे बच्चन यांच्या आवाजाइतकाच या वाक्यरचनेचाही वाटा असावा.

मराठी अवतारांची शीर्षकेही या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आलेल्या कार्यक्रमाचे नाव होते 'कोण होईल मराठी करोडपती'. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांच्यासह आलेल्याचे 'कोण होणार करोडपती'. 'होईल' मध्ये शक्यता आहे, 'होणार' मध्ये ठरल्यासारखा निश्चय. सहा वर्षांत नशिबाची जागा निर्धाराने घेतली असे केवळ क्रियारूपावरून म्हणणे धाडसाचे ठरेल, पण क्रियारूप बदलले हे खरे. 'करोड' मात्र दोन्ही शीर्षकांत कायम राहिला. मराठीत 'कोटी' आणि 'कोट्यधीश' असे स्वतःचे शब्द असता शीर्षकाला हिंदी शब्दच हवासा वाटला. कोट्यधीशाला वाडवडिलांच्या पेढीचा वास येतो, करोडपती एका रात्रीत होता येते.

नवाथे यांच्या भागाचे पुनर्कथन प्रश्नाभोवती जमले. ते कोण, कोठले, काय शिकत होते हे सांगितले जाई, पण ते प्रस्तावनेपुरते. कथेचा कणा पंधरावा प्रश्न हाच राहिला. 'अ‍ॅटर्नी जनरल' हे उत्तर त्या वर्षी ज्यांनी ऐकले त्यांतील अनेकांना ते पद नेमके काय करते हे तोवर ठाऊक नव्हते. पुनर्कथनामुळे अनुच्छेद ८८ माहीत झाला, निदान त्याचा सारांश माहीत झाला. जुन्या परंपरेतील प्रश्नोत्तरांच्या आख्यानांशी हा भाग येथे जुळतो. वनपर्वातील यक्षाची कथा कोणीही सांगो, तीत यक्षाने काय विचारले आणि युधिष्ठिराने काय उत्तर दिले हे सांगावेच लागते. चार भाऊ निश्चेष्ट पडलेले आहेत, पण प्रश्नोत्तरे वगळून केवळ त्यांचे पुन्हा उठणे सांगितले तर कथा उरत नाही. मराठीत 'यक्षप्रश्न' हा शब्द पुढे न सुटणाऱ्या प्रश्नाला लागला, हा अर्थबदल मौजेचा. कारण मुळात ते सर्व प्रश्न सुटले होते.

राज्यव्यवस्थेने मात्र या ज्ञानाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९६१च्या आयकर अधिनियमात लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे व इतर खेळ यांतील कमाईचा एक गट होता. २००१च्या वित्त अधिनियमाने त्यातील 'खेळ' या संज्ञेचे स्पष्टीकरण वाढवले आणि बक्षिसासाठी लोक स्पर्धा करतात असे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम त्यात बसवले. नवाथे यांच्या विजयानंतर काही महिन्यांतच हे घडले. कायद्याच्या लेखी घटनेचा अनुच्छेद ओळखणारा आणि सोडतीचे तिकीट काढणारा एका पंक्तीला आले. कर आकारण्याच्या सोयीपुरते हे वर्गीकरण असले तरी कार्यक्रमाने पुढे जी वाट धरली तिच्याकडे पाहता ते अगदीच चुकीचे होते असे म्हणवत नाही.

ती वाट प्रथम कल्पित साहित्यात स्पष्ट दिसली. विकास स्वरूप यांची 'क्यू अँड ए' ही इंग्रजी कादंबरी २००५ मध्ये आली आणि तिच्यावर आधारित 'स्लमडॉग मिलियनेअर' हा डॅनी बॉइल यांचा चित्रपट २००८ मध्ये. या दोन्ही कृतींचा सांगाडा म्हणजे प्रश्नमंजूषेच्या एका भागाचे पुनर्कथन आहे. जिंकलेल्या तरुणावर फसवणुकीचा संशय येतो आणि प्रत्येक उत्तर त्याला कसे ठाऊक होते हे त्याला सांगावे लागते. कादंबरीत तो आपल्या वकिलाला सांगतो, चित्रपटात पोलीस निरीक्षकाला. प्रत्येक उत्तरामागे त्याच्या आयुष्यातील एक प्रसंग निघतो. रचनेची ही युक्ती कुशल आहे आणि तिची लोकप्रियताही समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. गरीब माणूस जे जाणतो ते त्याने भोगलेले असते, वाचलेले नसते, असे ती सुचवते. त्याचे ज्ञान म्हणजे अभ्यास नव्हे, जखम. संशय घेणारा निरीक्षक आणि सहानुभूती बाळगणारा प्रेक्षक या एका बाबतीत एकमताचे असतात : या मुलाने पुस्तक उघडून हे शिकले असेल हे दोघांनाही सुचत नाही.

मूळ कार्यक्रमही त्याच सुमारास वळला. २०१० मध्ये तो सोनी वाहिनीवर आला. २०११च्या पर्वाचे घोषवाक्य 'कोई भी इंसान छोटा नहीं होता' असे होते. त्याच पर्वात बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी रुपये जिंकले. त्यांचा अखेरचा प्रश्न असा : १८६८ मध्ये निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातील आपला संबंध संपवला? उत्तर डेन्मार्क. भारताच्या इतिहासात डेन्मार्कही होता, तरंगंबाडी येथे त्यांची वखार व किल्ला होता आणि निकोबारवर त्यांनी हक्क सांगितला होता, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? विजेत्याची हकिगत सांगताना मात्र हा प्रश्न मागे राहिला आणि रोजगार हमी योजनेतील संगणकचालक म्हणून त्यांना मिळणारे सहा हजार रुपये पुढे आले. २०१२च्या घोषवाक्याने ज्ञानच माणसाला त्याचा हक्क मिळवून देते असे सांगितले खरे, पण भागाची बांधणी तोवर दुसऱ्या दिशेने गेली होती.

या बांधणीचे वर्णन करण्यास नारदीय कीर्तनातील संज्ञा उपयोगी पडतात. कीर्तनाचा पूर्वरंग निरूपणाचा, उत्तररंग आख्यानाचा. निरूपणात एखादा अभंग वा श्लोक घेऊन त्याचा अर्थ उलगडायचा. आख्यानात त्याला पोषक अशी कथा रंगवायची. आख्यान रसाळ असले तरी ते निरूपणाच्या सेवेला असते. पहिल्या पर्वात प्रश्न हे निरूपण होते आणि स्पर्धकाची ओळख हे लहानसे आख्यान. पुढील पर्वांत आख्यान वाढत गेले. स्पर्धकाच्या गावाची चित्रफीत, घराच्या भिंती, आईवडिलांचे अश्रू, अडलेले लग्न, थकलेले कर्ज. प्रश्न या कथेला अधूनमधून थांबे पुरवू लागले. येथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ३ जुलै २००० रोजी, त्याच वाहिनीवर, त्याच संध्याकाळी, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिकाही सुरू झाली होती. प्रश्नमंजूषा आणि कौटुंबिक मालिका हे दोन परस्परविरुद्ध प्रकार एका दिवशी जन्मले. पुढे पहिल्याने दुसऱ्याचे पुष्कळसे व्याकरण उचलले.

सप्टेंबर २०१९ मधील बबिता ताडे यांचा भाग या नव्या बांधणीचा ठळक नमुना. शालेय पोषण आहार योजनेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, त्यासाठी महिना पंधराशे रुपये मिळवणाऱ्या, एवढी रक्कम जिंकून काय करणार या प्रश्नावर मोबाइल फोन घेण्याची इच्छा सांगणाऱ्या स्त्रीचा हा भाग. त्याचे पुनर्कथन बहुधा याच क्रमाने होते : पंधराशे, खिचडी, मोबाइल, एक कोटी. पंधराशे आणि एक कोटी या दोन आकड्यांमधली दरी हीच कथा झाली. त्या दरीवरचा पूल म्हणजे त्यांनी दिलेली पंधरा बरोबर उत्तरे. ती कथेत आलीच तर ओझरती येतात.

त्यांचा एक कोटीचा प्रश्न बहादुरशाह जफर यांच्या दरबारातील कवी जहीर देहलवी यांच्या 'दास्तान-ए-गदर' या ग्रंथासंबंधी होता. १८५७च्या उठावाची स्वतः पाहिलेली, भोगलेली हकिगत या शायराने उर्दूत लिहिली. दिल्ली सोडावी लागल्यावर तो अनेक संस्थानांत फिरला आणि हैदराबादला वारला. मराठी वाचकाला हा प्रश्न ऐकताच दुसरे एक पुस्तक आठवायला हवे होते : वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', जो चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. एक दरबारी शायर, एक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला भिक्षुक. एकाने दिल्लीचा पाडाव पाहिला, दुसऱ्याने झाशीचा. उठावाचे दोन साक्षीदार, दोन देशी भाषा, दोन्ही ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या उतारवयातील आठवणींतून आलेले. अमरावती जिल्ह्यातील एका स्त्रीने देशभरच्या प्रेक्षकांसमोर यातील एका ग्रंथाविषयीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. मराठी वृत्तपत्रांना यापेक्षा चांगला धागा मिळणे कठीण होते. सांगणाऱ्यांनी मात्र धागा पकडला तो खिचडीचा.

प्रश्न गळाल्याने आणखी एक गोष्ट दृष्टीआड झाली, आणि ती अधिक गंभीर आहे. पंधराशे हा आकडा बबिता ताडे यांच्या नशिबाचा भाग म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात तो एका योजनेचा दर होता. मध्यान्ह भोजन योजनेखाली स्वयंपाकी तथा मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांसाठी. त्यावर भर घालणे राज्यांवर सोडले. या रकमेला शासन वेतन म्हणत नाही, 'मानधन' म्हणते. हा शब्द व्याख्याता, परीक्षक, कवी यांना समारंभात दिल्या जाणाऱ्या पाकिटासाठी मराठीत रुळला. चुलीपुढे उभे राहणाऱ्या स्त्रीच्या रोजच्या श्रमाला तो लावला की ती कामगार राहत नाही आणि किमान वेतनाचा प्रश्नही उभा राहत नाही. देशभर लाखो स्त्रिया याच दराच्या आसपास हे काम करीत आल्या आहेत. पुनर्कथनाने या लाखोंचा प्रश्न एका स्त्रीच्या चरित्रात बसवला आणि एक कोटीच्या धनादेशाने तो सुटल्यासारखा दाखवला. उरलेल्या स्वयंपाकिणींना या कथेत जागा नाही. असलीच तर पुढच्या वर्षी दूरध्वनीवरून नावनोंदणी करण्यापुरती.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. पहिल्या पर्वातील 'शुद्ध' प्रश्नमंजूषा ही शहरी, शिकलेल्या, बव्हंशी पुरुष स्पर्धकांना अनुकूल होती. चरित्राला दार उघडल्यामुळेच अंजनगाव सुर्जी आणि मोतिहारी त्या आसनापर्यंत पोहोचली, असे म्हणता येते. शिवाय चरित्र सांगणारी व्यक्ती ते स्वेच्छेने, अभिमानाने सांगत असते. ते ऐकून घेणे हा तिचा सन्मान आहे. यातील पहिला भाग बराचसा खरा आहे. आसनावर कोण बसते याचा परीघ वाढला, आणि ही या कार्यक्रमाची जमेची बाजू आहे. पण परीघ वाढवणे आणि बसलेल्याचे ज्ञान झाकणे या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. सुशिक्षित स्पर्धकाने अवघड उत्तर दिले तर त्याने अभ्यास केला असे सांगितले जाते. गरीब स्पर्धकाने दिले तर चमत्कार घडला असे सांगितले जाते. नवाथे यांच्या बाबतीत नागरी सेवा परीक्षेची तयारी हे उत्तराचे कारण म्हणून पुढे आले. बबिता ताडे यांनी काय वाचले, केव्हा वाचले, दिवसभराच्या कामातून वेळ कसा काढला, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले गेले. त्यांच्या उत्तराला कारण लागत नाही असे जणू सर्वांनी मानले. सन्मानाच्या बाजूने पाहिले तरी यात उणेपण आहे, कारण त्या उत्तरे घेऊन आल्या होत्या.

भाग आणि त्याचे पुनर्कथन यांत येथे भेदही करायला हवा. भागात प्रश्न होता. पडद्यावर तो वाचला गेला, पर्याय दिसले, विराम आला, उत्तर मान्य झाले. प्रश्न रचणाऱ्यांनी आपले काम २००० इतक्याच कसोशीने केले होते. 'दास्तान-ए-गदर'चा प्रश्न अनुच्छेद ८८च्या प्रश्नाहून सोपा नाही, उलट स्पर्धा परीक्षेच्या ठरीव अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने काहीसा अधिकच कठीण. वगळण्याचे काम सांगणाऱ्यांनी केले. आख्यान आधीच इतके रंगले होते की निरूपण ऐकण्याची उसंत कोणाला राहिली नाही. म्हणून दोष एकट्या वाहिनीचा ठरत नाही. वृत्तपत्रातील मथळा लिहिणारा, शाळेतील सत्कारसमारंभात भाषण करणारा, घरी जेवताना मुलांना उदाहरण देणारा, असे सारेच त्यात सहभागी आहेत. जहीर देहलवी हे नाव त्या रात्री लाखो घरांत उच्चारले गेले होते आणि गोडसे भटजींचे पुस्तक त्यांतील कित्येक मराठी घरांत असेलही. ते कपाटातून काढून पाहावे, असे सुचायला तो भाग प्रश्नापासून सांगावा लागला असता.